नाक दाबून प्यायचं तीर्थ

खैरटेकच्या विहिरीवर त्या दिवशी पाय ठेवायला जागा नव्हती. कापूस वेचायचा सोडून बाया आल्या होत्या, मारेगावहून दोन जीपा भरून माणसं आली होती, भोंग्यावर आरती चालू होती. महाराजांनी विहिरीतून बादली काढली, परातीत पाणी ओतलं आणि वरून पेटता कापूर सोडला. पाणी भडकलं. हातभर ज्वाळ उठली तसा सगळा मांडव हात जोडून उभा राहिला.

"विज्ञानवाल्यांना विचारा," महाराज माझ्याकडे बघत म्हणाले. "पाणी आग विझवतं की पेटतं? ही ज्वालामाय आहे. कपाशीवर संकट आलं म्हणून माय जमिनीतून वर आली. अकरा दिवस तीर्थ घ्या, नाक दाबून घ्या. ज्याच्या मनात पाप, त्यालाच वास येतो."

बंदोबस्त बघा कसा पक्का. वास सगळ्यांनाच येत होता, पण आपल्या मनात पाप आहे हे चारचौघांत कबूल कोण करणार?

मी इथल्या शाळेत विज्ञान शिकवते. दुसऱ्यांवर चिडण्याआधी माझी चूक सांगते. श्रावणात या पाण्याला पहिल्यांदा वास आला. कपाशीवर फवारणीचे दिवस होते. औषधाचा वास आमच्या गावाच्या अंगवळणी पडलेला, म्हणून जो तो म्हणाला, कोणीतरी फवारणीचा पंप विहिरीवर धुतला. त्यावरून दोन घरांत भांडण झालं. मीही प्रार्थनेच्या वेळी मुलांना पंप कुठे धुवावा यावर भाषण दिलं, पण स्वतः बादलीत वाकून पाहिलं नाही. बैल त्या पाण्याला तोंड लावीनात, तेव्हा लोक हातपंपावर जाऊ लागले. विहिरीपासून पन्नास पावलांवर फुलचंद शेठचा पेट्रोल पंप आहे, हे मात्र कोणालाच आठवलं नाही.

शेठला आठवलं होतं. नवरात्रात महाराज आले ते त्यांच्याच गाडीतून. मांडव शेठचा, जेवणावळ शेठची. आणि बैलांनी नाकारलेलं पाणी माणसं ओंजळीने पिऊ लागली.

माझ्या वर्गातली आभा दहा-बारा दिवस शाळेत आली नाही, म्हणून त्या सकाळी मी तिच्या घरी गेले. पोरगी अंथरुणात खोकत होती, ओकत होती. तिच्या श्वासाला पेट्रोलचा वास येत होता.

"सत्यशीलाबाई, हिला आत्ताच्या आत्ता वणीच्या दवाखान्यात न्या."

"आज नववा दिवस हाय, मॅडम," तिची आई म्हणाली. "ताप उतरत नव्हता म्हणून तीर्थ सुरू केलं. मधात तोडलं त माय पोरीले घेऊन जाईन म्हणतेत महाराज. अंदरचं विष निघून राह्यलं ते." एवढं बोलून ती आभाला कडेवर घेऊन विहिरीकडे निघाली. सहावीतली पोर आईच्या कडेवर मावली, इतकी ती सुकली होती.

मी धावत नजीरभाईंच्या गॅरेजवर गेले. त्यांनी अकरा वर्षं शेठच्या पंपावर काम केलेलं. सगळं ऐकून त्यांनी कपाटातून एक ट्यूब काढली, पितळी गज उचलला आणि माझ्याबरोबर निघाले.

आम्ही पोचलो तेव्हाच महाराजांनी ते पाणी पेटवून मला विज्ञानवाल्यांचा टोमणा मारला होता; तो संपताच नजीरभाईंनी आत शिरून आधी पेटता कापूर पायाखाली चिरडला. "आग इझवा पहिले. एक ठिणगी विहिरीत गेली त सारे जळून मरान."

"हा नास्तिक—" महाराजांनी सुरुवात केली.

"मी पाच वक्ताचा नमाजी हाय, महाराज. पण पेट्रोल मले वळखू येते."

नजीरभाईंनी गजाला ट्यूबमधला पिवळट मलम फासला. "हा पाण्यानं लाल होते, पेट्रोलनं होत नाही. पंपावर रोज सकाळी टाकीत असाच गज टाकतेत, पाणी शिरलं का पाहाले." त्यांनी गज दोरीला बांधून विहिरीत सोडला आणि वर काढून सरळ सत्यशीलासमोर धरला. खालचा भाग लालभडक होता. त्याच्या वरची दोन बोटं ओली होती, पण पिवळीच.

"हे खालचं पाणी. हे वरचं दोन बोटं पेट्रोल. पेटते ते हे." मग ते शेठकडे वळले. "आन् श्रावणात तुमच्या टाकीतला गज लाल निघाला होता, शेठ. टाकीत पाणी येऊन राह्यलं, हे मी तुमाले सांगतलं. तुमी पाणी उपसलं आन् मले काढून टाकलं. जिथून पाणी अंदर येते, तिथूनच पेट्रोल बाहेर जाते."

सत्यशीलाच्या एका हातात तीर्थाची वाटी होती, दुसरा आभाच्या नाकावर. तिने नाकावरचा हात काढला. आभाने मान फिरवली. बैलांनी फिरवली होती तशीच.

वाटी जमिनीवर पडली. मारेगावच्याच जीपमधून आम्ही आभाला वणीला नेलं. पेट्रोल फुफ्फुसात उतरलं होतं. ती वाचली, पण जिना चढताना अजून तिला धाप लागते.

नंतर अधिकारी आले, टाकी उकरली. काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसात फुगते. त्या ओढाताणीत गंजलेल्या टाकीची तळाची शिवण उकलली होती. आता पेट्रोलचा वास धरलेली माती खणून काढताहेत, विहीर उपसून ते पाणी टँकरने दूर नेताहेत, भोवती बोअर पाडून तपासताहेत. दोन-तीन वर्षं लागतील, असं इंजिनिअर म्हणाले. तेव्हा गर्दीतून एकाने विचारलं, "लवकर साफ व्हावं म्हणून काही पूजा वगैरे?" मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. महाराज कधीच पसार झाले होते, आणि हा दुसऱ्या महाराजाची वाट बघत होता.

माती मंत्राने घाण झाली नाही आणि मंत्राने साफही होणार नाही. टाकी फुटली म्हणून घाण झाली, खणून आणि उपसून साफ होईल. पाण्याला वास आला तर बादलीत वाकून बघा, दहा जणांना विचारा, तपासायला द्या. वास येणं हे पाप नाही.

दवाखान्यात पहिल्या रात्री सत्यशीला माझ्याशी एवढंच बोलली. ते मी आता दर वर्षी नव्या वर्गाला सांगणार आहे.

"वास मले पहिल्याच दिवशी आलता, मॅडम. लोक मले पापी म्हणतीन म्हणून मी पोरीचं नाक दाबलं."