बाबांना न टोचलेला खिळा

"डॉक्टरबाई, तुमचं स्वतःचं वजन किती?"

शेवटच्या बाकावरच्या पोरींनी वह्या तोंडावर धरल्या. पैज त्यांचीच होती: शाळेत तपासणीला आलेल्या डॉक्टरबाईंना हे विचारून दाखवायचं. आणि 'भोंगा' म्हणून नावाजलेली पोर पैजेला नाही म्हणते की काय! गेल्या वर्षापर्यंत हजेरीलासुद्धा जिचा आवाज घशात अडकायचा, तिला यंदा कुठून कंठ फुटला देव जाणे.

डॉक्टरबाई सरळ वजनकाट्यावर चढल्या. "एक्याऐंशी. घ्या, हसा पोटभर!" वर्ग खदखदला. "हा प्रश्न मैत्रिणींचा झाला, कळलं मला. तुझा कुठला?"

"मग सांगते," भोंगा पुटपुटली. बाकीच्या पोरी बाहेर पडेपर्यंत ती रेंगाळली आणि मग हळूच म्हणाली, "पायात खिळा घुसला तरी माणसाला कळत नाही, असं होतं का हो?"

तिचे बाबा बूट शिवायचे. गिऱ्हाइकाच्या हाती बूट द्यायच्या आधी ते आत हात घालून बोटांपासून टाचेपर्यंत चाचपत, कुठे खिळ्याचं टोक वर आलं नाही ना. हा नेम कधी चुकला नाही. गेल्या आठवड्यात घाईघाईत त्यांनी स्वतःच्याच बुटाला नवा तळ ठोकला आणि हात काही घातला नाही. दिवसभर ते त्याच बुटात वावरले. संध्याकाळी आईला मोजा लालभडक दिसला, तेव्हा कुठे कळलं.

"अगं, बूटवाल्याचं कातडं आहे हे, कमावलेलं!" बाबा म्हणाले होते. सगळे हसले. तीही हसली. पण रात्रभर तो खिळा तिलाच टोचत राहिला.

पूर्वी बाबा तिला शाळेत सोडायला चालत यायचे. दोघांची नजर पुढच्यांच्या टाचांवर. "ही बाहेरून घासलीय, म्हणजे?" "पाय फेंगडे!" "आणि ही कोरी करकरीत?" "साहेब! दिवसभर खुर्चीत!" मग वर्षभरापूर्वी एकदा ते म्हणाले, मोठी झालीस, जा आता एकटी. केवढ्या तोऱ्यात गेली होती ती! बाबांच्या पायांना मुंग्या येतात, कोपऱ्यापर्यंत गेलं तरी बसावं लागतं, हे तिला फार उशिरा उमगलं. अजूनही रस्त्यात एखादी मजेशीर टाच दिसली की उत्तर ओठांवर यायचं, आणि शेजारी बघावं तर कुणीच नाही.

डॉक्टरबाईंनी हसणं आवरलं. "रक्तात साखर वाढत गेली की पाय असे मुके होतात, बाळा. जगभर कोट्यवधी लोकांना हा आजार आहे आणि कित्येकांना पत्ताच नसतो. वेळेवर धरला तर पाय वाचतो. घरात आणखी कुणाला?"

"मोठे काका. त्यांचा पाय गुडघ्याखाली कापला."

"मग बाबांना लवकर आण. आणि तूही तपासून घे."

घरी पुढच्या खोलीतच दुकान. बाबा आरी घेऊन तळ शिवत होते, आई मशीनवर. तिने एका दमात सगळं सांगून टाकलं.

"काका दोन पायांवर आत गेला आणि एका पायावर बाहेर आला," बाबा मान वर न करता म्हणाले. "मला नको तो दवाखाना."

"पाय आधीच काळा पडला होता भाऊजींचा," आई म्हणाली. "दवाखान्याला कशाला बोल लावता?"

"हंगाम संपू दे, मग बघू."

"तुमचा हंगाम संपलेला मी तरी पाहिला नाही."

"दोघी मिळून माझी शाळा घ्या आता!"

कुणीच हसलं नाही. मशीन थांबलं होतं. बाबांनी आरी पुन्हा चामड्यात घातली, पण हात पुढे सरकेना. लेकीने त्यांच्या बांधलेल्या पायाकडे पाहिलं. कोपऱ्यापर्यंत, निदान कोपऱ्यापर्यंत तरी तो पाय पुन्हा सोबत यावा असं तिला इतकं वाटलं की डोळेच भरले. पण आवाज मात्र खणखणीत निघाला.

"आई, बाबा, ऐका. शनिवारी सकाळी मी उपाशीपोटी दवाखान्यात तपासणीला रक्त द्यायला जाणार आहे. माझं. शाळेला उशीर होईल असं वर्गशिक्षिकांना सांगून आलेय. बाबा, तुम्ही आलात तर दोघांचं देऊ. नाही आलात तर एकटी जाईन. पण जाणार म्हणजे जाणार."