माझ्यासाठी थांबवलेली पेटी

माझ्या भावाचा, प्रेमराजचा अपघात झाला सोमवारी आणि मला कळवलं बुधवारी रात्री. मधले दोन दिवस चुडामण आबांनी माझी काळजी घेतली म्हणे. मी सुरतेला लेकीच्या बाळंतपणाला गेलेली, तिथे असली बातमी नको, असं त्यांनी घरातल्या सगळ्यांना बजावलं होतं. तोवर डॉक्टर दोनदा तपासून सांगून गेले होते की मेंदू मेला, आता काही होणार नाही. माझ्या भावजयीने, ज्योतीने, त्याचं हृदय कुणा गरजूला द्यायचं ठरवून सहीसुद्धा केली होती. मुक्ताईनगरकडच्या आमच्या अख्ख्या गावाला हे ठाऊक होतं, फक्त सख्ख्या बहिणीला नव्हतं.

आबा आमचे काका. वडील गेल्यापासून घरातला शेवटचा शब्द त्यांचा. माणूस वाईट नाही. वाईट असता तर रागावणं सोपं गेलं असतं.

गुरुवारी पहाटे सुरत सोडली, धुळ्याला जळगावची एसटी धरली. पारोळ्याच्या अलीकडे कामिनीताईंचा फोन आला. जळगावच्या दवाखान्यात अवयवदानाची सगळी जुळवाजुळव त्याच बघत होत्या. हृदय काढून पेटीत ठेवलंय, विमानतळावर विमान उभं आहे, मुंबईत पेशंटला टेबलावर घेतलंय, असं त्यांनी भराभरा सांगितलं. मग म्हणाल्या, "आणि तुमचे आबा चार माणसं घेऊन गाडीपुढे उभे आहेत. बहिणीने पाहिल्याशिवाय पेटी हलणार नाही म्हणतात."

आमच्यात बहीण आल्याशिवाय तिरडी उचलत नाहीत, हे खरं. तोंड बघायला देह मागे राहणारच आहे, हे ताईंनी आबांना परोपरीने समजावलं होतं. आबा म्हणाले होते, जीव तर पेटीत चालला, मागे राहिलं ते पाहून ती काय करेल? पोलीसही मयताच्या माणसांना हात लावायला कचरत होते.

खोटं कशाला बोलू, क्षणभर मलाही आबांचं पटलं. लहानपणी ताप आला की प्रेमराजला मी पाठीवर घेऊन अंगणात फिरायची. त्याचं धडधडणं माझ्या पाठीला कळायचं. त्या पेटीवर एकदा हात ठेवावा असं फार वाटलं.

मी विचारलं, पेटीत किती वेळ टिकतं? ताई म्हणाल्या, सगळा प्रवास धरून चारेक तास. गार केल्याने हृदयाची भूक कमी होते, संपत नाही. आणि फार गार झालं तरी ते आतून मरतं. म्हणून नुसत्या बर्फात न ठेवता मोजून गार ठेवणाऱ्या पेटीत ठेवलंय. पण पेटी वेळ थोपवू शकत नाही.

मी म्हटलं, आबांना द्या.

"इंदे, कुठवर आली?" आबांचा आवाज भरून आलेला. मी पारोळा सांगितलं, आणि म्हटलं, गाडी सोडा.

"तू ये, मंग जाईन गाडी. पेटी गार आहे. आपल्या बागातली केयी घडच्या घड गार डब्यात पार आखातात जाते, अन हे घडीभर नाही टिकनार? बहिनीचा मान आहे."

मान. माझी शाळा सातवीत सुटली तेव्हा कुणी थांबलं नाही. लग्नाची तारीख ठरली तेव्हा मला विचारायला कुणी थांबलं नाही. शेताच्या वाटण्या झाल्या, त्यांनी बोट ठेवलं तिथे मी सही करून आले. भावाचं मरण दोन दिवस माझ्यापासून दाबून ठेवलं. आणि या माणसांना माझ्यासाठी थांबवावंसं वाटलं ते काय, तर ज्याला थांबताच येत नाही ते.

"आबा, मी येत नाही," मी म्हटलं. "पारोळ्याला उतरते आणि सुरतेला परत जाते. मला त्याचं तोंड बघायचं नाही, पेटीही बघायची नाही. आता कोणासाठी उभे आहात?"

"असं बोलतं का कोनी? भाऊ आहे तुहा."

"होता. त्याच्यातलं जिवंत राहील असं एवढंच उरलंय. तेही मारायचं असेल तर स्वतःच्या नावाने मारा. माझं नाव पुढे करू नका."

पलीकडे आबा कुणाला तरी "सरका रे" म्हणाले. मग भोंगा सुरू झाला आणि लांब लांब गेला.

एसटीतली सगळी माणसं माझ्याकडे बघत होती. कंडक्टर हळूच म्हणाला, "अक्का, तुमनं तिकीट ते जळगावनं शे."

जळगावचंच आहे, म्हटलं. मग कुठे रडू आलं.

दवाखान्यात भावाचं तोंड पाहिलं, पांढऱ्या कापडावरून छातीवर हात ठेवला. मागून एक चुलती म्हणाली, "आली का? तू तं येनार नव्हती." ते वाक्य आता जन्मभर माझ्या मागे असणार. असू दे.

रात्री कामिनीताईंचा फोन आला. हृदय लगेच चालू झालं नाही. बरंच गोंजारावं लागलं, मशीनचा आधार द्यावा लागला, मग ते धडधडू लागलं. आणखी उशीर झाला असता तर सांगता येत नव्हतं, म्हणाल्या.

मला वाटलं आबा हे ऐकून गप्प होतील. पण भेटायला येईल त्याला ते ओट्यावर बसून सांगायला लागले, "मी सांगतलंच व्हतं. गार पेटीत काही व्हत नाही. डाक्टर लोकं उगाच घाई करता." दर वेळी ज्योती उठून आत जायची. चौथ्यांदा ती गेली तेव्हा मी घडातलं एक केळं तोडलं आणि फ्रीजच्या बर्फाच्या खणात टाकलं.

दुसऱ्या दिवशी ओटा भरलेला असताना ते ताटलीत घालून आबांपुढे ठेवलं. काळं ठिक्कर पडलेलं, खालून पाणी सुटलेलं.

"खा आबा. गार ठेवलं होतं. टिकलं असेल."

पौषातल्या थंडीत केळीची बाग काळी पडू नये म्हणून बांधाबांधाला धूर करून रात्रभर शेकत बसणारा हा माणूस. त्याला काय सांगायचं होतं मी? त्याला सगळं माहीत होतं. आबांनी ते केळं हातात फिरवलं, बोटाने दाबलं, बोट आत गेलं. धोतराला बोट पुसत राहिले.

तेवढ्यात भडगावचे पाहुणे आले. कसं झालं हो, म्हणून त्यांनी सवयीने आबांनाच विचारलं.

आबांनी मान वर केली नाही. दाराआड उभ्या ज्योतीकडे हात केला.

"तिले इचारा. तिनं दिलं."

ज्योती बाहेर येऊन बसली आणि पहिल्यांदाच तिने स्वतः सांगितलं. माझा राग मात्र गेलेला नाही. केळं मी गाईपुढे टाकलं, तिनेही हुंगून सोडलं.