प्रतिज्ञेवरचं पहिलं नाव

लियाओ हाइशंगने सिगारेट सोडल्याला सव्वीस दिवस झाले होते. श्वासातला धूर मोजणाऱ्या यंत्राला मात्र ते पटत नव्हतं.

ब्रुकलिनच्या आठव्या ॲव्हेन्यूवरच्या त्या केंद्रात आपल्या चिनी माणसांची रीतभात सांभाळून सिगारेट सोडवत. चार हा आकडा अशुभ, म्हणून फॉर्मवर तीननंतर थेट पाच. तिथली मिस फांग कोणाला 'सोडा' म्हणत नसे. चहा देई आणि प्रतिज्ञापत्र पुढे सरकवी. त्यावर अख्ख्या घराची नावं लिहायची, कारण आपल्यात माणूस एकटा काही सोडत नाही. लियाओने थोरल्याचं नाव आधी लिहिलं, म्हणजे वडिलांचं. वडील जाऊन अकरा वर्षं झाली होती. ते हयात आहेत का, हे विचारणं मिस फांगला प्रशस्त वाटेना.

प्रतिज्ञा ती प्रतिज्ञा. लियाओने वडिलांच्या फोटोपुढची रोजची पेटती सिगारेटही बंद केली.

तेव्हापासून सकाळी त्याच्या तोंडात कडू चव येई. वडील गावी हाताने वळून ओढत, त्या काळ्या तंबाखूची. खोकलाही वडिलांचाच: दोनदा, मग थांबून एकदा.

"काका, पुन्हा एकोणीस," मिस फांग म्हणाली. "सहाच्या खाली हवा."

"मी ओढत नाहीये."

"मी कुठं म्हणतेय तुम्ही ओढताय?"

"मग कोण ओढतंय?"

तिने त्याच्या कपात आणखी चहा ओतला.

इकडे सून यिंगची अट होती. आकडा उतरेपर्यंत नातवाला मांडीवर घ्यायचं नाही, दारातून बघायचं.

बाळाला महिना झाला, त्या सकाळी लियाओ उठला तर तोंड स्वच्छ होतं. केंद्रात जाऊन फुंकर मारली. शून्य. मिस फांगने लाल कागदावर प्रमाणपत्र दिलं. ते त्याने घरी येऊन महिनापूर्तीसाठी रंगवलेल्या लाल अंड्यांच्या ताटाशेजारी ठेवलं.

"घ्या बाबा," यिंग म्हणाली. "मान धरा नीट."

"तुझ्या नवऱ्याची मान कोणी धरली होती? अजून सरळ आहे."

नातू मांडीवर आला. त्याने आजोबांकडे पाहिलं आणि तोंड उघडून मोठी जांभई दिली. काळ्या तंबाखूचा वास आला.

मग बाळ खोकलं. दोनदा, मग थांबून एकदा.

"पहाटेपासून चाललंय," यिंग म्हणाली. "सर्दी असेल."

लियाओने बाळ तिच्याकडे दिलं. फोटोपुढे सिगारेट पेटवून ठेवली, ती विझली. पुन्हा पेटवली, पुन्हा विझली. वडिलांना आता फोटोपुढची चालत नव्हती.

"बाबा, आजच्या दिवशी तरी," यिंग म्हणाली.

ती विझलेली सिगारेट घेऊन तो जिना उतरला, मागच्या गल्लीत गेला आणि पेटवली. साधी फिल्टरची सिगारेट, पण पहिलाच झुरका कडूजहर लागला. वर खिडकी उघडी होती. बाळ रडत होतं, चारचौघांची बाळं रडतात तसं. खोकला ऐकू आला नाही.

खाली लियाओ दोनदा खोकला. मग थांबून एकदा.

सोमवारी मिस फांगने नवा फॉर्म काढला. पुन्हा सुरू होण्याचं कारण: ताण, मित्रमंडळी, लग्नकार्य. लियाओने सगळं सांगितलं. तिने ते मान हलवत ऐकून घेतलं आणि खाली एका ओळीवर खूण केली: घरातल्या थोरल्यांचा आग्रह.

"बाळ कसं आहे?" तिने विचारलं.

"छान आहे," लियाओ म्हणाला. "दारातून बघून आलो."