थेंबातले अस्वल

मला पाहिले की लहान मुले हमखास ओरडतात, "ए, दुर्बीण!" मित्रांनो, दुर्बीण माझी चुलत बहीण. ती लांबचे जवळ आणते. मी मात्र तुमच्या नाकासमोर असूनही तुम्हाला जे दिसत नाही, ते दाखवतो. मी शाळेच्या प्रयोगशाळेतला एक जुना सूक्ष्मदर्शक. अंग काळ्या लोखंडाचे, नळी पितळेची आणि पायाशी उजेड पकडायला एक छोटा गोल आरसा. मला उचलताना भल्याभल्यांच्या तोंडून "बाप रे" निघते.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. तिथे लोखंड ओतणारे होते, पितळ कातणारे होते, पण मला दृष्टी दिली ती भिंगे घासणाऱ्या एका मावशींनी. डाळीच्या दाण्याएवढी काच त्या दिवसचे दिवस घासत, फुंकर घालत, पुन्हा घासत. मी पुरा झालो तेव्हा तपासणीसाठी त्यांनी फुलपाखराच्या पंखाचा तुकडा माझ्याखाली ठेवला. बोटाला लागते ती पंखावरची धूळ तुम्ही पाहिली असेल. ती धूळ नसतेच. कौलांसारखे ओळीने बसवलेले रंगीत खवले असतात ते. मावशींचे आयुष्य भिंगांत गेले होते, तरी त्यांचा श्वास अडकला. शेजारणीला हाक मारून त्या म्हणाल्या, "बघ गं, एवढी कौलं कोणी शाकारली असतील?" मी ऐकलेले पहिले वाक्य ते.

माझी पहिली नोकरी दवाखान्यात झाली. तापाने फणफणलेल्या माणसांच्या रक्तातले जंतू मी शोधून दिले आणि डॉक्टरांची शाबासकी मिळवली. पुढे तिथे नवे यंत्र आले आणि मला एका शाळेला देऊन टाकले. माझ्यासाठी ते बरेच झाले. कांद्याची पातळ साल माझ्याखाली आली की गोंगाट करणारा वर्ग चिडीचूप होई. एक डोळा मिटून, तोंड वेडेवाकडे करून मुले पाहत आणि रांगेत मागच्याने ढकलले तरी हलत नसत.

मग शाळाच पालटली. जुनी इमारत गेली, काचेची आली. फाटकावर 'आंतरराष्ट्रीय' हा शब्द झळकला आणि नाना देशांत वाढलेली मुले वर्गात दिसू लागली. विजेवर चालणारे नवे सूक्ष्मदर्शक आले. त्यांचे चित्र थेट पडद्यावर दिसे, डोळा मिटायची गरजच नाही. मला प्लॅस्टिकची पिशवी चढवून कपाटात ठेवले. शेजारी एक कवटी होती. तिला निदान दरवर्षी कोणीतरी टोपी घालून फोटोसाठी बाहेर नेई. माझ्याकडे कोणी ढुंकूनही पाहत नसे.

अशात एका वर्षी, सत्र अर्ध्यावर आले असताना, शेवटच्या वर्गात एक मुलगी दाखल झाली. तिचे बाबा बोगदे खणणाऱ्या कंपनीत अभियंता होते. एक बोगदा झाला की दुसरा, एक देश झाला की दुसरा. बाबांच्या मागोमाग सगळीकडे जाणारी म्हणून घरी तिला 'शेपूट' म्हणत. ते नाव तिनेच हसत हसत शाळेत सांगितले आणि तिथेही तेच रुजले.

शेवटच्या वर्षी प्रत्येकाला एक शोधप्रकल्प करायचा होता. शेपूट उशिरा आल्यामुळे नवी यंत्रे इतरांनी आधीच वाटून घेतली होती. जीवशास्त्राच्या बाईंनी मला कपाटातून काढले.

"हे आजोबा आहेत," बाई म्हणाल्या, "पण नजर पक्की आहे. तुला काय बघायचंय?"

"माहीत नाही."

"उत्तम. मग मागच्या भिंतीवरचं शेवाळ आण. माहीत नसलेल्यांनी तिथूनच सुरुवात करावी."

तिने शेवाळ भिजवले, पिळले आणि त्या पाण्याचा थेंब काचपट्टीवर ठेवला. माझा आरसा खिडकीकडे वळवला. बराच वेळ ती नळीला डोळा लावून बसली होती. मग अगदी हळू म्हणाली, "बाई, इथे कोणीतरी आहे."

मित्रांनो, 'काहीतरी' नव्हे, 'कोणीतरी'! होतेही तसेच. गुबगुबीत अंगाचा, आठ आखूड पायांचा, पायांना नखे असलेला एक जीव हिरव्या पानांमधून शतपावली घालत निघाला होता. अंग काचेसारखे आरपार, पोटात खाल्लेला हिरवा घास दिसत होता. तोंडाशी दोन काळे ठिपके, ते त्याचे डोळे. अख्खे अस्वलच, पण मोहरीच्या दाण्यापुढेही चिमुकले.

"याला टार्डिग्रेड म्हणतात," बाईंनी सांगितले.

"मी पाणअस्वल म्हणणार."

"म्हण की. जगात जिथे शेवाळ, तिथे बहुधा हा. पाणी आटलं की पाय पोटात घेऊन सुकतो, धुळीचा कण होऊन पडून राहतो. वर्षांमागून वर्षं जातात. पाणी मिळालं की उठतो आणि चालायला लागतो, असं वाचलंय. मी स्वतः नाही पाहिलेलं."

शेपटीचा चेहरा एकदम गंभीर झाला. लहानपणापासून प्रत्येक घर सोडताना ती मागच्या भिंतीवरचे थोडे शेवाळ खरवडून कागदाच्या पुडीत ठेवत आली होती. घर उचलून नेता येत नाही, निदान एवढे तरी. त्या पुड्या तिच्या खणात होत्या.

"मग आण ना त्या," बाई म्हणाल्या.

"नको. उघडल्या आणि आत कोणीच नसलं तर?"

बाईंनी आग्रह केला नाही.

इकडे परदेशी विद्यापीठांच्या अर्जांचे दिवस आले होते. वर्गात दुसरा विषय नव्हता. मुलांना अर्जांसाठी मार्गदर्शन करणारे एक सर होते. मुले त्यांना 'अर्जसर' म्हणत. ते सदा घाईत असत, पण मनाने चांगले. शेपटीला एका थंड देशातल्या, जीवशास्त्रासाठी नावाजलेल्या विद्यापीठात जायचे होते. अर्जाबरोबर स्वतःविषयी एक निबंध द्यायचा होता, आणि तिथेच घोडे अडले होते.

अर्जसर तिला शोधत प्रयोगशाळेत आले. "अगं, किती देश, किती शाळा! सोनं आहे हे. तूच लिहायला नाही म्हणतेस?"

तिने लिहिले. 'मी साऱ्या जगाची नागरिक आहे' अशी सुरुवात होती. सरांनी वाचले, चष्मा पुसला.

"छान आहे," ते म्हणाले. "पण इतकं छान मी या आठवड्यात बरंच वाचलंय. यात तू कुठे आहेस?"

शेपटीने कागदाची घडी घातली. सर गेल्यावर मात्र बाईंजवळ तिचा बांध फुटला. "कुठेच नाही, बाई. मी कुठलीच नाहीये. आणि आई म्हणते, एवढ्या लांब जायचंच कशाला? बाबांची पुढची बदली जिथे आहे तिथेही विद्यापीठ आहे. आजवर सगळे मिळून गेलो, आता तूच एकटी का? मला तिला दुखवायचं नाहीये. पण मला जायचंय."

मी लोखंडाचा आहे मित्रांनो, पण त्या दिवशी मला वाटले, आपल्याला हात असते तर बरे झाले असते.

पुढची बदली शाळेचे वर्ष संपल्यावर होती, तरी तिची तयारी म्हणून आईने घर आवरायला काढले. खणातला "कचरा" टोपलीत गेलेला पाहून शेपटीने पुड्या उचलल्या आणि दुसऱ्या दिवशी शाळेत आणल्या. आता भीती बाळगण्यात अर्थ नव्हता. बाईंनी काचेच्या बश्या मांडल्या. प्रत्येक बशीत एकेका घराचे शेवाळ, त्यावर स्वच्छ पाणी. सुकलेला चुरा पाण्यात हिरवा होऊ लागला, तेवढ्यानेच मी थक्क झालो.

पण हिरवे होणे वेगळे आणि जिवंत असणे वेगळे. पहिल्या बशीत काहीच नव्हते. दुसरीत रिकामी कात. तिसरीत वाळूचे कण. शेपूट थेंब बदलत राहिली आणि तिचे खांदे खाली येत गेले. उरलेल्या बश्या तिने रात्रभर भिजू दिल्या. दुसऱ्या दिवशी दुपारी ती पुन्हा माझ्यापाशी बसली असतानाच दार उघडले आणि तिची आई आत आली.

"फोन का उचलत नाहीस? सामानाचा अंदाज घ्यायला आलेली माणसं खोळंबलीयत, अर्जाची मुदत डोक्यावर आलीय, आणि तू शेवाळ बघत बसलीयस?"

"आई, एक मिनिट."

"तुझं एक मिनिट मला पाठ आहे."

माझा बारीक स्क्रू फिरवणारी तिची बोटे थांबली होती. माझ्याखालच्या थेंबात एक मातकट, सुरकुतलेला कण होता. तो फुगला होता. त्याच्या कडेला एक आखूड पाय बाहेर आला. मग दुसरा. आळस द्यावा तसे त्याने अंग ताणले, सगळी नखे उघडली आणि शेवाळाचे पान पकडले. मी दवाखान्यात जन्ममरणाच्या गोष्टी पुष्कळ पाहिल्या होत्या, पण असे कधी पाहिले नव्हते.

शेपूट उठली. तिने आईला खांद्याला धरून माझ्यासमोर बसवले. "एक डोळा मिट. बघ."

आईने नाइलाजाने पाहिले. मग हातातली पिशवी हळूच खाली ठेवली.

"चालतंय गं हे."

"नदीजवळच्या घरातलं आहे ते. मागच्या पायरीच्या भिंतीवरचं. मी तेव्हा दहा वर्षांची होते."

नदीजवळचे घर आईचे सर्वांत लाडके. ते सोडताना ती गाडीत बसून रडली होती. त्यानंतर तिने कुठल्याच घराच्या भिंतीला खिळा ठोकला नव्हता. किती वेळ ती माझ्या नळीला डोळा लावून बसली, कोण जाणे. तिच्या पापण्यांची फडफड मला जाणवत होती.

"इतकी वर्षं पुडीत पडून होतं?" तिने विचारले. "अन्न नाही, पाणी नाही, कोणी सोबतीला नाही... आणि उठलं ते चालायलाच लागलं?"

"हो."

आईने मान वर केली नाही. तशीच पाहत म्हणाली, "मग तूही राहशील. कर अर्ज. लांबचाच कर."

त्याच आठवड्यात निबंध लिहून झाला. 'जगाची नागरिक' त्यात कुठे नव्हती. पुड्या होत्या, जिथे कोणीच उठले नाही त्या बश्याही होत्या आणि एक जीव होता. अर्जसर उभ्या उभ्या वाचू लागले आणि मधेच खुर्ची ओढून बसले. वाचून झाल्यावर फक्त म्हणाले, "मलाही दाखव ना ते अस्वल."

त्या नावाजलेल्या विद्यापीठाने तिला मुलाखतीला बोलावले. मुलाखत फोनवर, समोरासमोर दिसेल अशी होती. शेपटीने ती माझ्याशेजारी बसून दिली. पडद्यावर पांढऱ्या केसांच्या एक प्राध्यापिका होत्या. सुरुवातीला शेपूट इतकी घाबरली की प्रत्येक उत्तर अर्ध्यावर तुटत होते. शेवटी तिने विचारले, "मी दाखवलं तर चालेल?" आणि फोनचा डोळा माझ्या नळीच्या वरच्या भिंगावर टेकवला.

समुद्रापलीकडून आवाज आला, "थांब. हलवू नकोस." त्या प्राध्यापिकांनी आपला चष्मा काढला होता आणि नाक पडद्याला टेकेल इतक्या त्या जवळ आल्या होत्या. आयुष्य असे जीव पाहण्यात घालवलेली बाई शाळकरी पोरीसारखी पाहत होती. एक गुबगुबीत जीव पाय टाकत होता आणि दोन देश श्वास रोखून बसले होते. मी कपाटात घालवलेली सगळी वर्षे त्या क्षणात भरून निघाली.

मला वाटले, आता काम फत्ते. पण मित्रांनो, त्या विद्यापीठाचे उत्तर आले ते नकाराचे. जागा थोड्या आणि येणारे हुशार फार, असे काहीसे कारण होते. शेपूट प्रयोगशाळेत येऊन नुसती बसली. गंमत म्हणजे तिच्यापेक्षा आईच जास्त भडकली. "त्यांची अक्कल काय चरायला गेलीय?" ती बाईंना म्हणाली. "माझ्या पोरीला नाही म्हणतात!" हीच आई काही महिन्यांपूर्वी तिला जाऊ द्यायला तयार नव्हती.

बाईंनी शेपटीला एवढेच विचारले, "त्या दिवशी जे दिसलं, ते आता कमी झालं का?"

तिने नाही म्हणून मान हलवली आणि उठून माझ्याखाली नवा थेंब ठेवला.

वसंत सरता सरता दुसरे उत्तर आले. समुद्रकाठच्या एका लहान विद्यापीठालाही तिने तोच निबंध पाठवला होता. त्यांनी तिला घेतले होते. बाबांनी ते दोनदा मोठ्याने वाचले म्हणे. या वेळी शेपूट पुढे गेली आणि घरचे मागे राहिले. निघायच्या आधी तिने माझी भिंगे मऊ कापडाने पुसली, प्लॅस्टिकची पिशवी फेकून दिली आणि बाईंना सांगून मला खिडकीतल्या टेबलावर बसवले.

आता ती तिकडे संशोधन शिकते. बाई वर्गात तिचे निरोप वाचून दाखवतात. तिथे खोलीएवढे मोठे एक यंत्र आहे म्हणे. ते पाणअस्वलाच्या नखावरची रेघही दाखवते. "पण त्यात ठेवायचं तर आधी जीव मारावा लागतो," असे तिने लिहिले होते. "तो चालताना बघायचा असला की मी कोपऱ्यातल्या साध्या सूक्ष्मदर्शकाकडे जाते."

तेव्हा मित्रांनो, तुमच्या शाळेच्या कपाटात माझा एखादा भाऊबंद असेल तर त्याला बाहेर काढा. भिंगाला बोट लावू नका, मऊ कापडाने पुसा, आरसा उजेडाकडे वळवा. अर्ज कराल, परीक्षा द्याल, कोणी हो म्हणेल, कोणी नाही म्हणेल. त्यावर माझा इलाज नाही, तुमचाही नाही. पण भिंतीवरच्या चिमूटभर हिरव्यात कोण राहते, हे पाहायला कोणाची परवानगी लागत नाही. फक्त एक डोळा मिटा आणि घाई करू नका. त्याला चालायला थोडा वेळ लागतो.