बत्तीस पावलांचा आलेख

मी एक जुना कागदी आलेख आहे. मित्रांनो, पूर्ण उलगडलो तर बत्तीस पावलं लांब भरतो, उगाच नाही सांगत!

शेजारच्या देशाचं सैन्य किती आणि त्यावरचा खर्च किती, हे टिपणाऱ्या कचेरीत माझा जन्म झाला. तिथल्या आरेखकाला सगळे फूटपट्टीकाका म्हणत. दर वर्षी ते मला खळीने नवा तुकडा जोडत आणि दोन रेषा पुढे नेत. लाल सैनिकांची, निळी खर्चाची. युद्धाच्या वर्षांत लाल रेषा अशी उसळली की काकांना वर जास्तीचा कागद चिकटवावा लागला! शांतता आली आणि ती उतरली. निळी मात्र चढतच राहिली, कारण माणसं घटली तरी यंत्रं महागली होती. मोठमोठे अधिकारी माझ्यासमोर उभे राहून माना डोलवत. मला केवढा अभिमान वाटे!

मग संगणक आले, काका निवृत्त झाले आणि माझी गुंडाळी कपाटावर गेली. झुरळांनी माझी कड कुरतडली. काकांच्या जागी आलेली ताई तेवढी दर वर्षी मला खाली काढून नवा तुकडा जोडी. बाकीचे हसत.

एके सकाळी कचेरीत एकच धांदल उडाली. साहेबांच्या बैठकीत पडद्यावर गेल्या पाच वर्षांचा आलेख होता आणि दोन्ही रेषा सरळ वर!

"शेजारी तयारीला लागलेत," साहेब म्हणाले. "आपणही तरुणांना सैन्यात बोलावू. पत्रं आजच टपालात टाका."

ताईचा धाकटा भाऊ वीस वर्षांचा होता. ती धावत शिडीवर चढली, मला काखोटीला मारलं आणि तडक बैठकीत घुसली.

"साहेब, दोनच मिनिटं! खुर्च्या सरकवा!"

मी फाटलो तर? पण ती मला भराभर उलगडत पार बाहेरच्या व्हरांड्यात गेली.

"ती पाच वर्षं इथे, टोकाला आहेत. आता इथून मागच्या वर्षांकडे चालत जा."

साहेब चालू लागले. आधी एक खोल खड्डा लागला. महापुरानंतर शेजाऱ्यांनी सैन्य आणि खर्च दोन्ही निम्म्यावर आणले होते. त्याच्याही मागे, तीस वर्षांपूर्वी, लाल रेषा आजच्या दुप्पट उंच होती!

"म्हणजे हे खड्डा भरून काढतायत?"

"हो, तोही अजून भरलेला नाही. पुढचं मी सांगू शकत नाही, साहेब. पण आजच घाई करावी असं यात काही नाही."

साहेब बराच वेळ वाकून पाहत राहिले. मग म्हणाले, "पत्रं थांबवा. आधी त्यांच्याशी बोलू."

ताई भिंतीला टेकली आणि एकाच वेळी हसू नि रडू लागली. बोलणी झाली. पत्रं गठ्ठ्यातच राहिली.

मित्रांनो, जुने कागद रद्दीत घालण्याआधी एकदा उलगडून बघा. आणि कोणी एवढासा तुकडा दाखवून घाबरवू लागलं, तर विचारा, "उरलेला कागद कुठे आहे?"