आभारातली सातवी ओळ

पेट्स्काने वर्तमानपत्राचं कात्रण टेबलावर ठेवलं, तळहाताने सरळ केलं आणि सातव्या ओळीखाली बोट टेकवलं.

"हे छापायला तुम्हीच दिलं होतं?"

मार्ला वोंड्राने मान डोलावली. नाही कशी म्हणणार? खाली तिचंच नाव होतं. घरातलं माणूस गेलं की साप्ताहिकात आभाराची चौकट द्यायची, ही गावाची रीत. कुणी फुलं पाठवली, कुणी शवपेटीला खांदा दिला, चर्चच्या तळघरात कुणी जेवण वाढलं, सगळी नावं यायला हवीत. एक जरी राहिलं तरी ते घर दहा वर्षं विसरत नाही. म्हणून नवरा ग्लेन गेल्यावर मार्लाने डोळे पुसत पुसत यादी केली होती आणि थोरल्या बहिणीकडून, आर्लिसकडून, दोनदा तपासून घेतली होती. सातव्या ओळीत तिने लिहिलं होतं, 'कॉलेजच्या व्हॉलीबॉल कोच मोरा टॉलिव्हर यांनी दोन तास उभं राहून भांडी धुतली. त्यांचे उपकार आम्ही विसरणार नाही.'

होम करायला गेली आणि हात भाजले, ते असे.

कारण मार्लाची लेक केना सहा फूट उंच होती, शाळेच्या संघात तिच्यासारखी उडी कुणाची नव्हती आणि दोन ठिकाणांहून तिला मागणी होती. एक, चाळीस मैलांवरचं हे टॉलिव्हरबाईंचं छोटं कॉलेज. दुसरं, राज्याबाहेरचं बडं विद्यापीठ. ग्लेनचा दफनविधी नेमका बंद काळात आला होता. त्या दिवसांत कुठल्याही कॉलेजच्या कोचने शाळकरी खेळाडूला किंवा तिच्या घरच्यांना समोरासमोर भेटायचं नाही, असा नियम. कुणीतरी कात्रण कॉलेजच्या खेळांवर देखरेख करणाऱ्या वरच्या मंडळाकडे पाठवून दिलं. कुणी, ते पेट्स्काने सांगितलं नाही. तो स्वतः टॉलिव्हरबाईंच्याच कॉलेजात होता. आपल्या लोकांनी नियम मोडले का ते बघायचं आणि मोडले असतील तर आपणच वर कळवायचं, ही त्याची नोकरी. अशा माणसाला डबा खायला सोबत कोण मिळत असेल, देव जाणे.

"माझा प्रश्न एवढाच आहे," तो म्हणाला. "त्या दिवशी कोच टॉलिव्हर तळघरात होत्या का?"

शेगडीपाशी उभी असलेली आर्लिस मोठ्याने खाकरली.

सकाळीच साप्ताहिकाच्या व्हर्लिनचा फोन येऊन गेला होता. 'मार्ला, चूक माझी म्हणून सांग. पुढच्या अंकात दुरुस्ती टाकतो. नाव चुकून पडलं, संपला विषय.' भला माणूस. आणि उत्तर सोपं होतं. हो म्हटलं तर बाईंची नोकरी जाईल, केनाची तिथली जागाही जाईल. नाही म्हटलं तर कुणाचंच काही जात नाही.

"छापण्यात चूक झाली असेल हो," आर्लिसला राहवेना. "व्हर्लिनचा चष्मा बघितलाय का तुम्ही? गेल्या साली लग्नाच्या बातमीत त्याने जत्रेतल्या कालवडीचा फोटो टाकला होता. नवरीची आई अजून त्याच्याशी बोलत नाही."

"मी यांना विचारलं," पेट्स्का शांतपणे म्हणाला.

मार्ला कात्रणाकडे बघत राहिली. त्या दिवशी तळघरात दीडशे माणसं जेवली होती. ग्लेनने बावीस वर्षं शाळेची बस चालवली, त्यामुळे निम्मा तालुका त्याच्याच बसमधून शिकलेला. बायका वाढून वाढून थकल्या होत्या आणि मोरीत भांड्यांचा डोंगर झाला होता. बाई मागच्या दाराने आल्या, बाह्या सारल्या आणि आर्लिसच्या शेजारी उभ्या राहिल्या. ना सांत्वन, ना गळाभेट. मधेच केना हातात ताटल्या घेऊन दारात आली, तेव्हा बाईंनी चक्क भिंतीकडे तोंड केलं. मार्लाला तेव्हा ते विचित्र वाटलं होतं. ताटल्या तिनेच पुढे होऊन घेतल्या आणि त्या पाठीकडे बघताना सबंध दिवसात पहिल्यांदा तिला वाटलं, आपण एकट्या नाही.

आणि आता म्हणायचं, ती पाठ तिथे नव्हतीच.

"होत्या," मार्ला म्हणाली. "दोन तास होत्या. केनाशी एक शब्द बोलल्या नाहीत. माझ्याशीही नाही. आर्लिसला एकदा म्हणाल्या, साबण संपलाय."

आर्लिसने कपाळावर हात मारला.

पेट्स्काने सगळं सावकाश लिहून घेतलं. साबणसुद्धा. त्याचं लिहिणं बघून मार्लाच्या मस्तकात तिडीक गेली.

"आता मी विचारते. ते मोठ्या विद्यापीठाचे लोक म्हणतात, केनाचा चेहरा गाडीवाल्याच्या जाहिरातीत येईल, वर नवी कोरी पिकअप दारात उभी राहील. हे नियमात बसतं?"

"ते त्यांनी ज्या पद्धतीने मांडलंय, त्या पद्धतीने बसतं."

"आणि ताटल्या धुणं?"

"बसत नाही."

"चोर सोडून संन्याशाला फाशी," आर्लिस म्हणाली आणि कोलाचेची, गोड भरलेल्या पावांची, बशी टेबलावर जरा जोरातच आदळली. जर्दाळूचा एक कोलाचे उडून कात्रणावर पडला.

पेट्स्काने तो उचलून परत बशीत ठेवला.

"का? हेही नियमात बसत नाही वाटतं?"

"बसतं. मला साखर आहे."

आर्लिसला हसू आलं, पण तिने ते दाबलं. पेट्स्काने कातडी पिशवीतून दुसरा कागद काढला. क्षणभर तो हातातच धरून ठेवला आणि मग मार्लापुढे सरकवला.

"तुमचं लिहून घेईपर्यंत हा दाखवायची मला मुभा नव्हती. बाईंनी ही खबर स्वतःच दिलीय. दफनविधीच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी आठ वाजता. तुमचं साप्ताहिक निघण्याआधी."

मार्लाने तारीख बघितली. पुन्हा बघितली.

"मग मला कशाला छळलंत?"

"त्यांनी लिहिलं, 'बोलले नाही, फक्त काम केलं.' ते खरं म्हणायला दुसरं कुणीतरी हवं होतं. दोघींचं जुळलं, आता प्रकरण लहान राहील. बाईंची नोकरी राहील. साठ दिवस त्यांनी केनाला फोन करायचा नाही, पत्र लिहायचं नाही, तिच्या सामन्याला येऊन बसायचं नाही. एवढीच शिक्षा." त्याने पिशवी बंद केली. "तुम्ही नाही म्हणाला असतात तर दोघींपैकी एक खोटी ठरली असती. मग चौकशी केनापर्यंत गेली असती, आणि तिला कुठल्याच कॉलेजात खेळणं अवघड झालं असतं."

मार्लाने कागद पुन्हा जवळ ओढला. एका 'नाही'ने, भल्यासाठी म्हणून, आपण काय करून बसलो असतो! तिने आर्लिसकडे बघितलं. आर्लिस खुर्ची ओढून बसली.

"खालचं वाचा," पेट्स्का म्हणाला.

कागदावर छापील रकाने होते. कोणता नियम मोडला, कुठे, किती वेळ. सगळ्यात खाली होतं, नियम मोडण्याचं कारण. त्यापुढे गोल, घाईच्या अक्षरात लिहिलं होतं, 'भांडी फार होती.'

मार्ला हसायला गेली आणि तिला रडू आलं. ग्लेन गेल्यापासून ती खूप रडली होती, पण हे रडणं निराळं होतं, छाती मोकळी करणारं. माणूस गेलं म्हणून नव्हे, माणसं आहेत म्हणून. पेट्स्का खिडकीबाहेर बघत बसला. त्या अवघडलेल्या माणसाबद्दलही तिला एकदम माया वाटली. हा कागद दाखवण्यासाठी तो चाळीस मैल आला होता. टपालाने कळवलं असतं तरी चाललं असतं.

दार वाजलं आणि केना सराव आटपून आत आली. खांद्यावरची पिशवी खाली टाकून तिने आईचे डोळे बघितले, परक्या माणसाकडे बघितलं आणि काही न विचारता टेबलावरचा कागद उचलला. वाचला. खालपर्यंत गेली आणि तिथेच थांबून राहिली. आर्लिसने दोन वाक्यांत सगळं सांगितलं, साठ दिवसांसकट. पेट्स्का उठून कोट चढवू लागला.

"एक विचारू?" केना म्हणाली. "सप्टेंबरमध्ये तुमच्या कॉलेजचं शिष्यवृत्तीचं पत्र आलं होतं. ते अजून चालतं?"

पेट्स्काची बाही अर्धीच चढली होती. उत्तर द्यायची मुभा आहे की नाही, याचा त्याने नीट विचार केला.

"नियमाचा प्रश्न आहे. सांगता येईल. पत्र चालतं."

"पण कॉलेज पक्कं करून सह्या करायचा दिवस तीन आठवड्यांवर आलाय. आणि कोच तर माझ्याशी साठ दिवस बोलणार नाहीत."

पेट्स्काने दुसरी बाही चढवली, एकेक करत सगळी बटणं लावली.

"सही करायला," तो म्हणाला, "कुणाशी बोलावं लागत नाही."