चंद्रावर न गेलेली गाडी

मित्रांनो, मी चंद्रावर न गेलेली चांद्रगाडी आहे. माझी जुळी बहीण गेली. मी आधी जोडली गेले म्हणून थोरली, पण मागे राहिले ती मीच, विद्यापीठाच्या तळघरातल्या एका लांबट हौदात. त्यात पाणी नाही; पिठासारखी बारीक दगडाची भुकटी आहे. चंद्रावरची माती अशीच असते म्हणतात.

आम्हा दोघींना विद्यार्थ्यांनीच घडवलं. बॅटरी आणि तारा एका गटाकडे, चाकं दुसऱ्या गटाकडे.

"तुमची चाकं जड, म्हणून आमची बॅटरी बसते!"

"तुम्हीच दिवसभर बसलेले असता, तर बॅटरी काय करील?"

असं भांडता भांडताच आमच्या अंगात जीव येत गेला.

चाकं करणाऱ्या मुलीला सगळे चाकवाली म्हणत. ती मला रोज मऊ फडक्याने पुशी. नोंदवही सांभाळणारा मुलगा चिडवायचा, "एवढं काय नटवतेस? सासरी जायचंय का तिला?"

"हिच्या बहिणीला जायचंय," ती म्हणायची. "आणि पुन्हा माहेरी येणं नाही."

बहिणीच्या वाटेत जे येईल ते आधी मी सोसायचं, हेच माझं काम. हौदातला चढ चढताना माझं मागचं डावं चाक रुतून जागच्या जागी फिरायचं. मग चाकवाली माझ्या पाठीला एक बोट लावायची. फक्त एक बोट. मी सुटायचे.

"चढली का?" पडद्यावरची नजर न काढता नोंदवहीवाला विचारायचा.

"चढली."

अशी अकरा वेळा चढले मी. अकरा वेळा शाबासकी मिळाली. मला ते बोट आवडायचं, मित्रांनो. खोटं कशाला सांगू?

बहीण चंद्रावर उतरली तेव्हा टाळ्यांनी तळघर दणाणलं. सहाव्या दिवशी तिला एक लहानसा चढ लागला. मागचं डावं चाक रुतलं.

चंद्रावरचा दिवस आपल्या चौदा दिवसांएवढा. ऊन असेपर्यंतच तिच्या अंगात बळ. म्हणजे आठच दिवस उरले होते. मुलांनी मला हौदात तस्संच रुतवलं. माझ्यावर जी युक्ती चालेल, ती तिला कळवायची. मागे घेऊन पाहिलं, तिरकं वळवून पाहिलं. काही चालेना.

"अकरा वेळा चढली होती ना ही?" नोंदवहीवाला पानं उलटत म्हणाला. "मग आज काय झालं?"

चाकवालीचा हात माझ्या पाठीपर्यंत आला आणि थांबला.

"मी ढकलत होते," ती म्हणाली. "दरवेळी. जरासंच. वाटलं, एवढ्याने काय होतंय?"

कुणी रागावलं नाही. रागावले असते तर बरं झालं असतं.

चौदाव्या दिवशी बहिणीचा शेवटचा निरोप आला. चाक अजून फिरत होतं. मग तिच्याकडे अंधार झाला.

तिथे वारा नाही. तिची चाकोरी कधी बुजणार नाही. तिचे निरोप घेणारं इथलं यंत्र अधूनमधून उगाच खरखरतं आणि माझं डावं चाक थरथरतं. वाटतं, ती विचारते आहे, "ताई, तू कशी गं चढलीस?"

आता नवी मुलं नवी गाडी घडवत आहेत. मला रुतलेली पाहून त्यांना कणव येते, हात पुढे होतात. मुलांनो, तुमची माया मला कळते. पण ज्याला पुढे एकट्याने जायचं आहे, त्याला इथे अडकू द्या. अडकला तर वहीत 'अडकला' असंच लिहा.

आणि मला बाहेर काढू नका.